मधलं इंजिन

बलभीम गटकुळांना तेरखेड्याला जायचंच नव्हतं. असं ते सकाळपासून गौराबाईंना तीनदा म्हणाले, आणि चौथ्यांदा म्हणताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट अंगात घातला.

“खेळण्यातली गाडी बघायला परंड्याहून तेरखेडा,” ते म्हणाले. “भूमला बस बदला, वाशीला बदला. कशापायी?”

“मग नगा जाऊ,” गौराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

“जाऊन बघतो तरी, काय दिवे लावलेत ते.”

पस्तीस वर्षं त्यांनी मालगाडी ओढली होती. कोळसा, सिमेंट, साखर, खत. तेवढ्या वर्षांत त्यांच्या मनात माणसांची एक उतरंड रचली गेली होती आणि मालगाडीच्या ड्रायव्हरखाली बाकी सगळं जग होतं. पॅसेंजर गाडीचे ड्रायव्हर म्हणजे वरातीतल्या घोड्यावरचे नवरदेव. घोडा दुसऱ्यानंच धरलेला. ट्रकवाले दहा चाकांत दमणारे. एसटीच्या ड्रायव्हरबद्दल ते सहसा बोलतच नसत. पण भूमच्या अलीकडं बसनं गचका देऊन ब्रेक मारला, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाकडं वळून ते म्हणाले, “मागं पंधरा टन बी न्हायती, आन् ही तऱ्हा.” तो माणूस झोपला होता.

या उतरंडीच्या अगदी तळाच्या मडक्याच्याही खाली एक जण होता. नळदुर्गचा गुरुसिद्धप्पा बेडगे.

बेडगेअप्पा मालगाडीचेच ड्रायव्हर, बलभीमरावांहून दोन वर्षांनी सीनियर. नोकरीच्या शेवटाशेवटाला दोघांची ड्यूटी एका मोठ्या गाडीवर लागली. तीन मालगाड्या एकामागं एक जोडून केलेली एकच गाडी. एकशे सत्त्याहत्तर डबे, दोन किलोमीटर लांबी. पुढच्या इंजिनात अप्पा, एकोणसाठ डबे सोडून मधल्या इंजिनात बलभीमराव, आणि त्यांच्याही मागं तेवढेच डबे सोडून तिसरं इंजिन. पुढच्यानं वॉकीटॉकीवर हुकूम द्यायचा आणि मागच्या दोघांनी त्याप्रमाणं जोर कमीजास्त करायचा, असं ठरलेलं.

दुपारी गाडी एका खोलगट जागी आली. पुढचं इंजिन चढाला लागलं होतं, मधलं अजून उतारावर होतं, आणि दोघांच्या मधे एक वळण. अप्पांचा आवाज आला, “मधला, फुल्ल जोर.” बलभीमरावांनी दिला नाही. आपण आत्ता मागून रेटलं, तर पुढचे डबे चढ आणि रेटा यांच्यात चेपले जातील आणि वळणावर बाहेर उडतील, हे त्यांना बुडाखालच्या हादऱ्यावरून कळत होतं. त्यांनी जोर निम्म्यावर धरला, आपलं इंजिन तळाला येऊ दिलं, डबे ताणल्याचा झटका लागल्यावर मग हळूहळू वाढवला. तेवढ्या दोन मिनिटांत अप्पा वॉकीटॉकीवर तीनदा ओरडले. गाडी चढून गेली.

मुक्कामाच्या स्टेशनात अप्पांच्या गळ्यात हार पडला. फोटो निघाला, पेपरात आला. मधल्या इंजिनापर्यंत खडीतून चालत हार घेऊन कोण येणार? हाराचं आपल्याला काही नाही, असं बलभीमराव म्हणत आले. पण पुढं अप्पांच्या निरोप समारंभात, दोनशे माणसांसमोर, अप्पा हसत हसत म्हणाले होते, “चढावर मधल्याला डुलकी लागली. मला एकट्याला ओढून काढावी लागली.” सगळे हसले. बलभीमराव तिसऱ्या रांगेत होते, हातात गुलाबजामाची वाटी होती.

त्याला चार वर्षं झाली. चार वर्षं त्यांनी त्या माणसाला मनात रोज थोडं थोडं खाली ढकललं होतं.

आणि आता हा योगीराज. तेरखेड्याच्या एका फटाक्याच्या कारखान्याचा मालक, पंचेचाळिशीचा. त्यानं फोन केला होता. “काका, त्या तीन गाड्यांच्या गाडीवर मधल्या इंजिनात तुम्हीच होता ना? अप्पांनी नंबर दिला. मी मॉडेल केलंय. शंभर डब्यांची गाडी ओढून दाखवायचीय. अप्पा पाहुणे म्हणून येणारेत, तुम्ही बी या.” म्हणजे अप्पा पाहुणे, आणि आपण ‘बी’. बलभीमरावांनी तो ‘बी’ बरोबर ऐकला होता.

योगीराजनं गाडी मांडलेलं गोदाम फटाक्यांचं नव्हतं. पुठ्ठ्याच्या नळ्या ठेवायचं होतं आणि दिवाळीनंतर रिकामं झालं होतं. मधोमध कमरेएवढी टेबलं जोडून मोठी लंबगोल वाट केली होती, तिच्यावर रूळ. एका कडेला प्लास्टरची टेकडी, टेकडीच्या आधी खोलगट भाग, त्यावर पूल आणि पुलानंतर वळण. डबे वीतभरसुद्धा लांब नव्हते.

“चाकं आन् इंजिनं सोडली तर सगळं पुठ्ठ्याचं आहे, काका,” योगीराज म्हणाला. “आमच्याच फुलबाज्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा. चार वर्षं लागली.”

बलभीमरावांनी एक डबा उचलून पाहिला. रिव्हेटचे ठिपकेसुद्धा आतून सुईनं टोचून उठवले होते.

“मापात हाय,” ते म्हणाले आणि लेकरानं काढलेलं चित्र बाजूला ठेवावं तसा तो ठेवून दिला. मनात म्हणाले, एवढा बाप्या माणूस, घरात खायला-प्यायला आहे, आणि चार वर्षं बसून पुठ्ठ्याला टोचतो.

जमलेली पंचवीस-तीस माणसं योगीराजच्या नात्यातली, कारखान्यातली, एक शाळेचे हेडमास्तर. अप्पा मुलाच्या गाडीतून उतरले. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, अंगावर कुणीतरी आधीच घातलेली शाल.

“बलभीम, वाळलास रे,” ते म्हणाले.

“बरं हाय माझं, अप्पा.”

अप्पांना सोफ्याच्या खुर्चीत बसवलं, बलभीमरावांना प्लॅस्टिकच्या. मग अप्पा दोन शब्द बोलायला उठले आणि दोनशे बोलले. आपण किती टन ओढलं, किती घाट काढले. आणि शेवटी, बलभीमरावांना जे येणार असं वाटत होतं तेच आलं. “बलभीम समोर बसलाय म्हणून सांगत न्हाय, पर त्या चढावर ह्याला जी डुलकी लागली…” लोक हसले. हेडमास्तरांनी तर मागं वळून बलभीमरावांकडं बघून हसून घेतलं.

बलभीमराव हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. यांना काय कळतंय, एवढाच विचार त्यांनी केला, आणि त्यात गोदामातलं प्रत्येक माणूस आलं.

अप्पांनी हिरवी झेंडी दाखवली. तिन्ही इंजिनं पुढं लावली होती. गाडी निघाली, सरळ वाटेवर बरी पळाली, आणि पहिल्याच वळणावर मधले सात-आठ डबे आतल्या बाजूला टेबलावर आडवे झाले. योगीराजनं ते उचलून रुळावर ठेवले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुन्हा तेच.

“इंजिनात दम न्हाय,” अप्पांनी निदान केलं. “वेग वाढव.”

वेग वाढवल्यावर पंधरा डबे पडले.

बलभीमराव गप्प बसणार होते. अजून दोन-चारदा पडू द्यावी असं त्यांच्या मनात होतं. पण चूक इतकी ढळढळीत होती की ती बघत बसणं त्यांना सोसवेना.

“आत पडत्यात म्हंजी ओढ जास्त झालीया,” ते खुर्चीतूनच म्हणाले. “तुमी रिकामे डबे पुढं लावलेत आन् वाळू भरल्याले मागं. मागचं वजन आन् पुढचं इंजिन, दोन्हीच्या मधी हलके डबे दोरीवानी ताणले जात्यात. वळणावर दोरी सरळ व्हायला बघती. भरल्याले पुढं घ्या. आन् तिन्ही इंजिनं एकाच टोकाला कशाला? एक मधी टाका. निम्मी ओढ कमी झाली की झालं.”

योगीराज त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. बलभीमरावांना त्याचीही कीव आली. दोरीचं लिहून काय घ्यायचं असतं?

डबे पुन्हा लावायला अर्धा तास गेला. लोकांनी चहा घेतला. एक इंजिन पन्नासाव्या डब्यामागं आलं. दोन रिमोट होते, प्रत्येकावर मधोमध एक गोल खटका, अंगठ्यानं फिरवायचा. पुढचा रिमोट पाहुण्यांच्या हातात.

“मधलं कोण घेणार?” योगीराजनं विचारलं.

“बलभीम घील की,” अप्पा म्हणाले. “सवय हाय त्याला.”

गाडी निघाली आणि पहिला वेढा तिनं सुरेख घेतला. वळणावर एक डबा हलला नाही. लोक खुर्च्या सोडून टेबलाभोवती आले. बलभीमरावांना अंगठ्याखाली इंजिनाची हालचाल जाणवत नव्हती. ना हादरा, ना आवाज, ना वास. तरी डब्यांच्या जोडणीतली फट वाढते की कमी होते, हे ते डोळ्यांनी बघत होते आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

दुसऱ्या वेढ्याला अप्पांना चेव आला. पुढची इंजिनं पूल ओलांडून टेकडी चढायला लागली, मंदावली. मधलं इंजिन अजून उतारावरच होतं.

“मधला, फुल्ल जोर,” अप्पा मोठ्यानं म्हणाले.

बलभीमरावांचा अंगठा थांबला. पुढच्या डब्यांमधल्या फटी मिटत चालल्या होत्या. त्यांनी समोर पाहिलं. अप्पा शाल सावरत होते आणि शेजारच्या माणसाला डोळ्यांनी म्हणत होते, बघा, झोपलाय. बलभीमरावांनी खटका शेवटपर्यंत फिरवला.

मधल्या इंजिनानं झेप घेतली. वळणावरचे डबे मधेच उभे राहिल्यासारखे झाले, मग एकदम बाहेरच्या बाजूला फुटले, आणि एकामागं एक टेबलावरून फरशीवर पडले. पुठ्ठ्याचा आवाज फार होत नाही. चाकांचा होतो. चाकं लोकांच्या पायांतून खुर्च्यांखाली घरंगळत गेली. पूलही तिरका झाला.

लोकांनी पाय मागं घेतले. अप्पा मात्र पडलेल्या डब्यांकडं बघत नव्हते, मधल्या इंजिनाकडं बघत होते. ते रुळावर तसंच उभं होतं.

“म्हंजी त्या दिशी तू जोर दिला न्हवतास,” ते हळू म्हणाले.

“न्हवता दिला.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“इचारलं कुनी?”

अप्पांनी रिमोट टेबलावर ठेवला. खाकरून ते लोकांकडं वळले. “हुकूम माझा व्हता, चूक माझी,” ते म्हणाले. “आन् मगाशी डुलकीचं सांगितलं, ते बी खोटं निघालं. ती गाडी ह्यानं वाचवली व्हती. मला आत्ता कळलं.”

हे वाक्य बलभीमरावांनी चार वर्षं मनात अप्पांच्या तोंडून वदवून घेतलं होतं. मनातल्या वेळी समोर दोनशे माणसं असत आणि सगळी वळून बघत. आता वळून कुणी बघितलं नाही. लोक पायाखाली बघत होते, कारण योगीराज गुडघ्यांवर बसून डबे गोळा करत होता. हेडमास्तर एक पाय वर धरून उभे होते आणि त्यांच्या चपलेखालून तो एक चाक काढून घेत होता.

बोलला खरा, बलभीमरावांना वाटलं, पण कुठं? फटाकेवाल्याच्या गोदामात. आणि लगेच, कुणी न सांगता, त्यांना हेही कळलं की या विचारात काही दम नाही.

अप्पा लवकर गेले. माणसं पांगली. बलभीमराव खाली वाकून एक चेपलेला डबा उचलायला गेले, तर योगीराज म्हणाला, “राहू द्या.”

“चुकून जोर जास्त…”

“काका, तुमचा अंगठा थांबला होता,” योगीराज म्हणाला. “लोक गाडीकडं बघत होते. मी तुमच्या अंगठ्याकडं बघत होतो. मधला ड्रायव्हर नेमकं काय करतो, ते मला शिकायचं होतं. तुम्हाला माहीत होतं काय होणार ते.”

बलभीमरावांनी पुढं केलेला हात मागं घेतला.

“तुमचं आन् अप्पांचं काय असंल ते असंल. त्यात माझे डबे कशाला मारले?”

तो ओरडला नाही. ओल्या हातानं फटाक्यांच्या दारूच्या कामाला आलेल्या माणसाला मालकानं दारातूनच परत पाठवावं, तसं तो बोलला. ती नजर बलभीमरावांना नवी नव्हती. आजवर ती त्यांच्या डोळ्यांतून बाहेर जायची, एवढंच. ती अंगावर घेऊन ते वाशीच्या बसला उभे राहिले. बस गचके देत गेली आणि ते काही बोलले नाहीत.

“गेली का गाडी?” घरी गौराबाईंनी विचारलं.

“पडली.”

“कुनी पाडली?”

ते हातपाय धुऊन आले, ताटावर बसले, अर्धी भाकरी खाल्ली. मग म्हणाले, “म्या.”

गौराबाईंनी विचारून विचारून सगळं काढून घेतलं. मधे एकदाही त्या ‘बरं केलं’ म्हणाल्या नाहीत, ‘वाईट केलं’ही म्हणाल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “त्याचे डबे भरून द्या.”

“मला पुठ्ठ्याचं काय येतंय?”

“मग शिका.”

पुढच्या गुरुवारी ते पुन्हा तीन बस करून गेले. योगीराजनं या म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. त्यानं कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं, समोर पुठ्ठा, पट्टी, कटर आणि सुई ठेवली. बेचाळीस डबे मोडले होते, त्यांतले अकरा नव्यानंच करायचे होते.

पहिला डबा बलभीमरावांनी दोन तासांत केला आणि मनाशी म्हटलं, यात काय होतं. योगीराजनं तो काचेच्या तुकड्यावर ठेवला. डबा एका कोपऱ्यावर डुलला.

“हा चालणार न्हाय,” तो म्हणाला. “काटकोन चुकलाय. वळणावर हाच पहिला पडंल.”

दुसराही चालला नाही. तिसऱ्याचे ठिपके वाकडे आले. बलभीमरावांच्या मनात आलं की एवढे ठिपके मोजायला कोण येणार आहे. पण हे बोलायची सोय नव्हती, कारण पलीकडं योगीराज तसलेच ठिपके न बोलता टोचत बसला होता. तळहाताएवढ्या दांड्यांना सरावलेल्या त्यांच्या बोटांतून सुई निसटत राही. घरी येऊन ते गौराबाईंना म्हणाले की त्या माणसाला दुसरं काम नाही, आणि त्याच रात्री मिठाच्या रिकाम्या खोक्यावर त्यांनी चार रांगा टोचून बघितल्या.

पाच गुरुवार गेले. त्यांचे सात डबे पास झाले, चार योगीराजनंच करून घेतले. पाचव्या दिवशी निघताना योगीराज म्हणाला, “रविवारी ओढू. लोक न्हाय बोलावणार. अप्पा येणारेत.”

“त्यांना कशाला?”

“पुढं कोण बसणार मग?” योगीराज म्हणाला. “मधलं मी घेऊ शकतो काका, तुमचं बघून शिकलोय थोडं. पर तुमी घेतलं तर बरं पडंल. आन् डबे मारायचे नसतील तरच घ्या.”

रविवारी अप्पा शालीशिवाय आले. प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या होत्या, कुणी बसलं नाही. शंभर डबे, दोन इंजिनं पुढं, एक मधे. पहिला वेढा झाला. दुसऱ्याला पुढची इंजिनं टेकडीला लागून मंदावली तेव्हा बलभीमरावांनी मान वर केली.

अप्पांनी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, “मधला, तुझं तू बघ.”

बलभीमरावांनी जोर निम्म्यावर धरला. फटी मिटत आल्या, पण मिटल्या नाहीत. इंजिन तळाला आलं, पुलावर आलं, पुढच्या जोडण्या एकामागं एक टकटक करत ताणल्या गेल्या, आणि मग त्यांनी अंगठा हळूहळू पुढं नेला. पन्नास डबे टेकडीवर, पन्नास मागं. शेवटचा डबा वळण घेऊन सरळ वाटेला लागला तेव्हा योगीराजनं धरून ठेवलेली टेबलाची कड सोडली. टाळी कुणी वाजवली नाही. तिघांत दोघांचे हात रिमोटमधे अडकले होते.

“जरा उशीर केलास,” अप्पा म्हणाले.

“तुमाला घाई लई,” बलभीमराव म्हणाले.

“चढावर थांबलं की गाडी बसती, बलभीम.”

“बसती तवा उठवता येती. पडली की भरून द्यावी लागती.”

गाडी अजून तीन वेढे फिरली. दोघं टेबलाच्या दोन कडांना उभे राहून एकमेकांच्या पस्तीस वर्षांतले दोष काढत होते. मग स्टेशनजवळून जाताना अप्पा वाकले आणि चष्मा वर करून बघायला लागले.

“हा सिग्नल उजवीकडं कुनी लावला?”

बलभीमरावांनीही येऊन पाहिलं. सिग्नल खरंच रुळाच्या उजवीकडं होता. ड्रायव्हर तो डावीकडं शोधणार, हे शेंबड्या पोरालाही कळावं.

“ह्याला गाडीतलं काय कळतंय,” अप्पा म्हणाले.

“फटाकेवालाच तो,” बलभीमराव म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

योगीराजनं ते ऐकलं. तो आत गेला आणि पुठ्ठ्याचे दोन ताव, दोन सुया आणि कटर घेऊन आला.

“अजून अकरा सिग्नल आहेत,” तो म्हणाला. “सगळे उजवीकडंच लागलेत. बसा.”